सूतभरकाकांची गजशाळा

संग्रहालयात मी पाट्या लिहायचे. काचेच्या कपाटात मूर्ती असेल तर ती कोणत्या काळातली, कुठल्या दगडाची, कुठे सापडली, हे तिच्याखाली पाच ओळींत लिहायचं. पाच ओळींच्या वर कुणी वाचत नाही, असं आमच्या क्युरेटरबाई म्हणायच्या. त्यामुळे कुणाबद्दलही पाच ओळींपेक्षा जास्त लिहायची मला सवय नाही. पण सूतभरकाकांचं पाच ओळींत भागणार नाही.

काका आमचे सुतार. तळघरात त्यांची कार्यशाळा होती. तिला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसायचे. बुटांवरून ते आम्हा सगळ्यांना ओळखत. "पाटीबाई, आज उशीर झाला, धावत आलात," असं मला कितीदा म्हणाले असतील. कपाटं, मूर्तींच्या बैठका, दिव्यांच्या चौकटी हे सगळं त्यांच्या हातचं. पण त्यांचा जीव होता तो इमारतींच्या लाकडी प्रतिकृतींत. एखाद्या पडक्या किल्ल्याची मापं कागदावर दिली, की दोन महिन्यांनी तो किल्ला टेबलावर उभा.

इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. काकांच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. "सूतभर डावीकडे घे", "सूतभर जास्त झालं". एकदा क्युरेटरबाईंनी विचारलं, "काका, चहा किती घालू?" तर म्हणाले, "सूतभर." तेव्हापासून ते सूतभरकाका झाले. पगाराच्या यादीतलं त्यांचं खरं नाव वाचलं की आम्हालाच क्षणभर कळायचं नाही, हा कोण.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती तळघरात येऊन बसायची, आणि बापाच्याच कामात चुका काढायची. "बाबा, गुण्या लावून बघा. हा कोपरा काटकोनात नाहीये." काका गुण्या लावत, आणि चारातल्या एका वेळी पोरीचं खरं निघे. म्हणून तिचं नाव त्यांनी ठेवलं मिस्त्री. पुढे ती खरोखरच मापाच्या धंद्यात गेली. जुन्या इमारतींची मोजणी करून त्यांचे आराखडे काढायचं शिक्षण घेतलं, आणि पंचविसाव्या वर्षी एका पथकाबरोबर विजयनगरला गेली.

विजयनगर म्हणजे चौदाव्या शतकात उभं राहिलेलं साम्राज्य. सव्वादोनशे वर्षं त्याची राजधानी तुंगभद्रेच्या काठावर, गोल गोल धोंड्यांच्या डोंगरांत नांदली. मग एका लढाईत सैन्य हरलं, शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं, आणि तिथे पुन्हा राजधानी म्हणून कुणी राहिलं नाही. हे मी पाटीवर लिहिलंच होतं, कारण आम्ही त्या साम्राज्यावर एक दालन उभं करत होतो. दालनाच्या मधोमध गजशाळेची प्रतिकृती ठेवायची असं ठरलं. ओळीने अकरा उंच खोल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी कमान, डोक्यावर घुमट. त्या इमारतीची मोजणी मिस्त्रीच्याच पथकाकडे होती. मुलगी मोजणार, बाप बनवणार. काका आठवडाभर जमिनीवरून चालतच नव्हते.

आराखडे हप्त्याहप्त्याने यायचे, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून. नळीत कायम एक पत्र असायचं. काका ते मला वाचायला लावत. चष्मा घरी राहिला म्हणत, पण चष्मा खिशातच असे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं, एवढंच.

एका पत्रात तिनं लिहिलं होतं, "बाबा, इथे राजवाड्यांची नुसती जोती उरलीत. दगडी, नक्षीची, एकावर एक थर. वरचा वाडा लाकडाचा होता, तो जळाला. दगडवाल्यांचं नाव राहिलं, आपल्या लोकांचं काहीच नाही. जोत्यावर खांबांच्या खाचा आहेत. मी प्रत्येक खाचेत हात घालून बघितला."

काकांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "खाच कशी आहे ते लिहिलंय का? चौकोनी की गोल?"

दुसऱ्या एका पत्रात कमानींबद्दल होतं. हे राजे उत्तरेच्या सुलतानांशी पिढ्यान् पिढ्या लढले, पण गजशाळेच्या कमानी आणि घुमट थेट सुलतानी वळणाचे. तिनं लिहिलं होतं, "राजे भांडत होते बाबा. गवंडी एकमेकांचं काम बघून शिकत होते." यावर काका खूश. "बघा, मिस्त्री कशी बोलते!"

फोन माझ्या टेबलावर होता. तळघरात फोन नव्हता, त्यामुळे मुलीचा फोन आला की मी वरून हाक मारायची आणि काका रंध्याचा भुसा अंगावर घेऊन वर यायचे. ती घरी क्वचित फोन करायची, कारण काकू दुपारी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसत. म्हणून जे काही कळायचं ते काकांकडून काकूंना कळायचं.

तो फोन आला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. मी शेजारीच बसले होते. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त काकांचं येत होतं.

"अगं, किती राहिलंय? ... चारच खोल्या ना? मग कशाला येतेस? ... बरं नाही म्हणजे काय, ताप आहे का? ... बारीक ना? ऊन लागलं असेल. पाणी पी भरपूर." मग जरा थांबले आणि हसत म्हणाले, "हे बघ, काम अर्धवट टाकून येऊ नकोस. मिस्त्री आहेस ना तू? पुरं कर आणि ऐटीत ये. मी इथे सात खोल्या उभ्या करून बसलोय."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "आईची आठवण येतेय तिला, दुसरं काही नाही."

नऊ दिवसांनी पुन्हा फोन वाजला. या वेळी पलीकडून एक अनोळखी मुलगी बोलत होती. मिस्त्री मोजणीच्या जागीच चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात नेलं होतं. ताप डोक्यात गेला होता.

काका-काकू निघाले. ते वाटेत असतानाच ती गेली.

त्यानंतरच्या दिवसांचं मी काही लिहीत नाही. मी तिथे नव्हते.

दीड महिन्यानं काका कामावर आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. आल्या आल्या त्यांनी दोन कपाटांच्या बिजागऱ्या बदलल्या. शेवटची नळी तोवर येऊन माझ्या टेबलामागे पडली होती, तिच्या मोजणीतल्या सोबतिणीनं पाठवलेली. ती द्यायचं मला धैर्य होईना. शेवटी त्यांनीच विचारलं, "आलंय ना काही?" मी नळी दिली. या वेळी आत पत्र नव्हतं. आठव्यापासून अकराव्या खोलीपर्यंतचे कागद होते, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तिची सही.

क्युरेटरबाई तळघरात उतरल्या. म्हणाल्या, "काका, हे काम आपण दुसऱ्या कुणाला देऊ या का? कुणी काही म्हणणार नाही."

"माझ्या मुलीचं ड्रॉइंग दुसऱ्याला वाचता येणार नाही," काका म्हणाले, आणि तो विषय संपला.

मग ते कामाला लागले. मी रोज दुपारी डबा घेऊन खाली जायचे. सात खोल्या आधीच उभ्या होत्या. सागवानाच्या, एकेका कमानीची कड पटाशीनं कोरलेली. आठवी झाली. नवव्या खोलीच्या भिंती कापल्या, घुमट कोरला, आणि एका दुपारी मी खाली गेले तर काका हातात फूटपट्टी धरून नुसते बसले होते.

"पाटीबाई, बसत नाहीये."

"काय बसत नाहीये?"

"नववी. आराखड्यात रुंदी एक आहे, उभ्या छेदात वेगळी. आणि सगळ्या खोल्यांची बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळत नाही. सहा सूत कमी पडतायत."

सहा सूत म्हणजे पाऊण इंच. मला ते काहीच वाटलं नाही. पण प्रतिकृती खऱ्या इमारतीच्या एक पन्नासांश होती; तिथे ते तीन फुटांच्या वर गेलं असतं. तीन फुटांची भिंत हवेत विरून जात नाही.

मी म्हटलं, "जुनी इमारत आहे काका. खचली असेल. गवंड्यांनीच वाकडी बांधली असेल."

बुडत्याला काडी मिळावी तसं त्यांनी ते धरलं. "तसंच असणार. पाचशे वर्षांचं बांधकाम. मिस्त्री चुकायची नाही." दोन दिवस ते तेच बोलत राहिले. क्युरेटरबाईंना सांगितलं, माळ्याला सांगितलं, तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीलाही सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी दहाव्या खोलीचा कागद उघडला, तर त्यात कमानीची उंची एका जागी सदुसष्ट आणि दुसऱ्या जागी शहात्तर होती. अकराव्या खोलीत तर एक आकडा खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा खोडलेला.

इमारत खचते. पण आकडे असे उलटेपालटे होत नाहीत. हे त्यांना माझ्या आधी कळलं असणार. त्यांनी मला तिच्या सोबतिणीला पत्र लिहायला सांगितलं: त्या चार खोल्या पुन्हा मोजता येतील का?

महिन्याभरानं ती स्वतःच आली. उन्हानं काळवंडलेली, हडकुळी पोरगी, खांद्याला कापडी पिशवी. टेपचं दुसरं टोक नेहमी हिच्या हातात असायचं. काकांनी तिला स्टुलावर बसवलं, मी चहा आणला. तिनं पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक, नव्यानं मोजलेल्या मापांचा कागद. दुसरी, मिस्त्रीची मोजणीची वही.

"काका, इमारत सरळ आहे," ती म्हणाली. "मी दोनदा मोजली."

काकांनी वही उघडली. आधीच्या पानांवर बारीक, ठसठशीत आकडे, मुंग्यांची रांग चालावी तसे. प्रत्येक पानावर तारीख. मग एका तारखेपासून आकडे मोठे होत गेले होते, ओळ सोडून खाली उतरत होते. एका पानावर तर पेन घसरत कडेपर्यंत गेलं होतं.

"तिला ताप होता," मुलगी म्हणाली. "नऊ-दहा दिवस. मी म्हणत होते, घरी जा. माझ्याच्यानं ओढून नेणं झालं नाही, काका. ती टेप सोडायलाच तयार नव्हती. म्हणायची..." आणि ती थांबली.

"काय म्हणायची?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. काय येणार ते मला माहीत होतं.

"म्हणायची, बाबांनी सांगितलंय, पुरं करूनच ये."

काकांनी वही मिटली. टेबलावर सरळ ठेवली, कडेला समांतर. मग म्हणाले, "तू जेवलीस का गं?" ती रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवून ते उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही. काही दिसलं असतं तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "तुम्ही ऐकलं होतंत ना, पाटीबाई? त्या दिवशी फोनवर?"

"हो."

"हिला मी सांगितलं नाही. तिच्या आईला. फोन आला होता हेच सांगितलं नाही. उगाच काळजी करेल म्हणून. आणि नंतर... नंतर कसं सांगणार?"

मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय माहीत होतं? बारीक ताप म्हणाली ती."

"ती यायचं म्हणत होती," ते म्हणाले. "मी नको म्हटलं."

मी चहाचे कप गोळा केले.

त्याच संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं. हे मला काकूंकडूनच कळलं, पुष्कळ नंतर. त्या कपडे घड्या करत होत्या. काकांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. फोन, ताप, आपण काय बोललो ते, शब्दन् शब्द. काकूंनी हातातली घडी पुरी केली. मग एकच विचारलं, "मला का नाही दिलात फोन?"

"तू दवाखान्यात होतीस."

"दवाखान्यातच होते ना?" काकू म्हणाल्या. "रोज पन्नास तापाचे पेशंट माझ्या खिडकीवरून जातात. मी आवाजावरून ओळखलं असतं हो. नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं."

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर निदान काही बोलणं झालं असतं. डबा वेळेवर मिळायचा, कपडे धुतलेले असायचे, पण काकूंनी नवऱ्याशी कामापुरतंही बोलणं टाकलं. काय हवं-नको ते कागदावर लिहून ओट्यावर ठेवायच्या. काका तो कागद खिशात घालून आणायचे आणि सामान घेऊन घरी जायचे. पोर गेली, आणि मग घरही गेलं. एकाच छपराखाली दोघं परक्यासारखी राहत होती.

तळघरात आता कागदांचे दोन संच होते: मुलीचा चुकीचा, सोबतिणीचा बरोबर. काका पंधरा दिवस कशालाच हात लावीनात. एक दिवस मला म्हणाले, "तिचंच ठेवलं तर? सहा सूत कुणाला कळणार आहेत? लोक पाच मिनिटं बघतात आणि पुढे जातात. हे तिच्या हातचं शेवटचं आहे, पाटीबाई. ते मी कसं खोडू?"

मला कळलं, हे ते मला विचारत नव्हते. तरी मी म्हटलं, "पाटीवर मला मोजणी करणाऱ्यांची नावं लिहायची आहेत, काका. तिचं नाव लिहायचंय."

ते बराच वेळ खिडकीतून पाय बघत बसले. मग उठले आणि नववी खोली सोडवायला घेतली. सरस धरलेला होता, त्यामुळे वाफ देऊन एकेक भिंत सुटी करावी लागली. घुमट निघाला तो मात्र अखंड. तो त्यांनी कापडात गुंडाळून बाजूला ठेवला. चुकीच्या मापाचा, पण काम इतकं देखणं, की मी हातात घेतला तर खाली ठेववेना. नव्या मापानं दुसरा कोरायला त्यांना तीन आठवडे लागले. पूर्वी आठ दिवस लागत. ते मधे मधे थांबून राहत.

दालन उघडलं. अकरा घुमट ओळीने उभे, मधल्या खोलीवरच्या चौकोनी मजल्यासकट, दिव्याखाली जुन्या मधासारखे. लोक खरोखर पाच मिनिटं थांबत आणि पुढे जात. काकूंना मी स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत.

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला त्यांनी भाषण केलं नाही, म्हणाले, "कपाट नंबर चारचं दार ओढताना जरा उचला." बस्स. त्यानंतर आठवड्याभरात काकूंचा मला फोन आला. म्हणाल्या, "मला ती जागा बघायची आहे. यांना कागदावर लिहून दिलंय. पण एवढ्या लांबच्या प्रवासात आम्ही दोघंच एकमेकांसमोर बसलो तर... तुम्ही येता का?"

मी गेले. दोन दिवसांच्या प्रवासात मीच बोलत होते. कधी काकांशी, कधी काकूंशी. टेपवाली मुलगी आम्हाला घ्यायला आली. डोंगरातले धोंडे पाहून काकू म्हणाल्या, "कुणी रचून ठेवलेत की काय?" पडक्या बाजारपेठेचे खांब मागे पडले, मग राजवाड्यांची जोती लागली. एका जोत्यापाशी काका वाकले आणि खाचेत हात घालून उभे राहिले. खाच चौकोनी होती. काकूंनी ते पाहिलं.

गजशाळा मला वाटली होती त्याहून खूप मोठी निघाली. इतकी वर्षं तिला टेबलावर पाहिलेली मी, तिच्या कमानीखाली उभी राहिले तेव्हा वर बघता बघता मान दुखली. चुन्याचा गिलावा जागोजागी उडालेला, खाली दगड उघडा पडलेला. भर दुपार. समोरच्या मोकळ्या मैदानावर पाऊल ठरत नव्हतं.

काकूंनी टेपवाल्या मुलीला विचारलं, "कुठे बसायची ती?"

मुलीनं नववी खोली दाखवली. आत डाव्या भिंतीला. "इथे सावली लवकर येते, म्हणून."

काकू आत गेल्या. भिंतीला हात लावला, मग तिथेच जमिनीवर बसल्या, पाठ टेकून. आम्ही दोघी बाहेर कमानीच्या कडेला थांबलो. काका मात्र आलेच नाहीत. ते मैदानात, उन्हात उभे होते, टोपी हातात. आत पाऊल टाकायचा आपल्याला हक्क नाही, अशा तऱ्हेनं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी जाऊन म्हटलं, "काका, चला." त्यांनी मान हलवली.

आतून काकूंच्या रडण्याचा आवाज येत होता. वर घुमट असल्यामुळे तो मोठा होऊन बाहेर येत होता. काका ते ऐकत उभे होते. घामानं शर्ट भिजला होता, चेहरा लाल झाला होता, तरी हलत नव्हते.

मग तो आवाज थांबला. थोड्या वेळानं काकू कमानीत आल्या. डोळे सुजलेले, पदराला माती. दोन-अडीच वर्षांत त्या नवऱ्याशी पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढवून, दवाखान्याच्या खिडकीवर बोलत तशा:

"अहो, तिथे काय उभे आहात? ऊन लागेल. आत या."

काका आत गेले. आम्ही दोघी तिथून लांब, बाजारपेठेच्या खांबांपर्यंत चालत गेलो, आणि संध्याकाळी पहारेकरी गेट बंद करायला आला तेव्हाच परत फिरलो.